ससाच तर आहे! फासकी, वाघूर, बॅटरी आणि कायदा

मामाचं गाव माणदेशात. ज्वारीच्या रानाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि त्या कुंपणाला बुडाशी एका जागी जेमतेम वीतभर फट. दोन्ही बाजूचं गवत दबून मधे गुळगुळीत वाट झालेली, वाटेवर वाळल्या वाटाण्यासारख्या गोल लेंड्या. त्या फटीत मी आयुष्यातली पहिली फासकी बघितली. मोटरसायकलच्या क्लचची जुनी वायर, एका टोकाला सरकती गाठ, दुसरं टोक बाभळीच्या बुडाला आवळलेलं, आणि फासाचा गोल जमिनीपासून मूठभर वर, बरोबर सशाचं डोकं येईल तिथं. वायरीला दोन-चार करडे केस चिकटलेले. मी हात लावायला गेलो तर मामा ओरडला, "राहू दे, हलवू नको ती." मी विचारलं, पोलीस धरत न्हाईत का, तर मामा हसायलाच लागला. "ससाच हाय की रं, वाघ हाय व्हय?"

हे "ससाच तर आहे" मी नंतर इतक्या ठिकाणी ऐकलंय की काय सांगू. धाब्यावर, वरातीत, मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि एकदा तर वाघ वाचवायची भयंकर काळजी असलेल्या चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाकडून. म्हणून म्हटलं एकदा नीट सांगावं की सशाबद्दल कायदा नक्की काय म्हणतो, आणि कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी फासकी, वाघूर (जाळं), कुत्री, बॅटरी (रात्रीचा झोत) ह्यातलं काय किती वाईट. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकात एक कालवून टाकतात.

आधी ससा कुठला ते. पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा वेगळा, त्याचं मूळ युरोपात, तो बिळं करतो आणि त्याची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या रानातला ससा करडा-तपकिरी, दक्षिणेकडच्याच्या मानेवर काळा पट्टा असतो, आणि तो बीळ करत नाही. दिवसभर गवतात, झुडपाच्या बुडाशी दबून बसतो आणि रात्री चरतो. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. इंग्रजीत ह्या दोघांना दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत दोघंही ससाच, त्यामुळे "आम्ही तर ससे पाळतो, मग खाल्ला तर काय झालं" असा घोळ होतो. पाळीव सशाला वन्यजीव कायदा लागत नाही. रानातल्याला लागतो आणि चांगलाच लागतो.

बिळाचा मुद्दा उगाच नाही सांगितला. लपायला घर नाही म्हटल्यावर ह्या प्राण्याकडे तीनच गोष्टी उरतात: धोका दिसला की गच्च बसून राहायचं, अगदी अंगावर आलं की सुसाट सुटायचं, आणि रोज त्याच ओळखीच्या वाटेनं जायचं. माणसानं ससा मारायच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा काढल्या त्या ह्या तीन सवयींवरच. गच्च बसतो म्हणून बॅटरी, सुटतो म्हणून कुत्री आणि वाघूर, ठरल्या वाटेनं जातो म्हणून फासकी.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. गंमत म्हणजे तो आला तेव्हा ससा मारणं सरसकट बंद नव्हतं. ससा अनुसूची ४ मधे होता आणि त्या यादीला तेव्हा नावच होतं लहान शिकारीचे प्राणी. लायसन काढायचं, ठरलेल्या नियमानं मारायचं. आणि नियम होते ते बरेचसे पद्धतीचे! रात्री शिकार नाही, गाडीतून नाही, लाइट मारून नाही, फास-जाळी-विष वापरून नाही (जिवंत पकडायचं वेगळं लायसन असलं तर गोष्ट निराळी), आणि तितर-लावे, पाणपक्षी असले ठरावीक पक्षी सोडले तर कुत्री लावूनही नाही. म्हणजे गावाकडं आज ज्याला सशाची शिकार म्हणतात त्यातलं जवळपास सगळं लायसनवाल्यालाही तेव्हा बंद होतं. मग १९९१ च्या दुरुस्तीत हे लायसन प्रकरणच उडवून टाकलं. आता पद्धत कुठलीही असो, शिकारच बंद.

"मी कुठं मारला, मी तर नुसता पळवला" म्हणणाऱ्यांसाठी कायद्यातली शिकारीची व्याख्या मोठी वाचनीय आहे. ती फक्त मारण्यावर थांबत नाही. मारणं, विष घालणं, पकडणं, कुत्री सोडून पाठलाग करणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकून नेणं, आमिष टाकणं, जखमी करणं, हे सगळं शिकार, आणि ह्यातल्या मारण्या-पकडण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. मामाच्या कुंपणातली ती वायर, तिच्यात एकही ससा अडकला नसता तरी, कायद्याच्या भाषेत शिकारच होती. हाकाऱ्याला नुसता डबा वाजवत फिरणारा पोरगाही त्यात आला. कुत्रं आपणहून पळालं साहेब, हेही सांगून बघतात लोक, पण मागनं बाईकवर शिट्ट्या मारत तुम्हीच रील काढून टाकलेली असेल तर साहेबांना ते पटवणं जरा अवघड जातं.

२०२२ ला कायद्यात परत मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आधी सहा याद्या होत्या, आता चार, त्यात प्राण्यांच्या मुख्य दोन, आणि आपला ससा आता अनुसूची २ मधे आहे. जुन्या अनुसूची ४ मधून वर आला म्हणजे फार मोठं प्रमोशन झालं असं नाही, कारण ती दुसरी यादी आता खूप लांबलचक आहे. शिक्षा: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी दंडाची कमाल २५ हजार होती. हेच जर अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात केलं तर प्राणी कुठला हे न बघता कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि दंड २५ हजाराच्या खाली नाहीच. पावती फाडून मिटवायची सोय सशासारख्या केसमधे आहे, पण त्या तडजोडीची रक्कमही आता ५ लाखांपर्यंत जाऊ शकते. शिवाय गाडी, बंदूक, वाघूर, बॅटरी, सगळं जप्त. केस वर्षानुवर्षं चालते आणि बोलेरो डेपोत उभी राहून गंजते, खरी शिक्षा बऱ्याच जणांना तीच वाटते.

मटणाचंही तसंच. रानातला ससा कायद्यानं सरकारच्या मालकीचा, मेलेला असला तरी. कोणाकडे मटण सापडलं तर ते बेकायदा नाही हे दाखवून द्यायची जबाबदारी त्याच्यावर येते, नेहमीसारखी उलट नाही. "चिकन आहे" म्हणून चालत नाही कारण शिजवलेल्या मटणाचाही डीएनए काढतात, हैदराबादला आणि डेहराडूनला त्याच्या लॅब आहेत. धाब्यावर गुपचूप "स्पेशल" मिळतं तिथं वाढणारा जसा अडकतो तसा घेणाराही अडकू शकतो.

बंदुकीबद्दल तर एवढा गैरसमज आहे की विचारू नका. गावात काही जणांकडे शेती संरक्षणाचं लायसन असतं, ठासणीची बंदूक असते, आणि त्यांना मनापासून वाटतं की पिकात आलेला ससा मारायची ती परवानगी आहे. तसं नाही हो. ते लायसन हत्यार बाळगायचं, जनावर मारायचं नाही. पिकाचं नुकसान करणारा अनुसूची २ मधला प्राणी मारायचा असेल तर वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा कारणासकट लेखी आदेश लागतो, कलम ११ खाली. दुसरा रस्ता म्हणजे केंद्र सरकारनं त्या भागापुरता, ठरावीक मुदतीपुरता तो प्राणी उपद्रवी जाहीर करणं. ह्या दोन्हीपैकी काही हातात नसेल तर लायसनची बंदूक आणि विनालायसनची बंदूक, सशाच्या बाबतीत गुन्हा तोच, विनालायसनवाल्याला फक्त शस्त्र कायद्याची जादा केस.

इथपर्यंत कायदा झाला, आणि तो खरं सांगायचं तर सोपा आहे: नाही म्हणजे नाही. पण त्यानं एक झालंय. कायद्यानं पद्धतीचा प्रश्नच काढून टाकला, त्यामुळे आपणही त्यावर विचार करायचं सोडून दिलं. तिकडं इंग्लंडात बरोबर उलटं आहे. तिथं ससा मारायला मिळतो, कायदा सगळा कसा मारायचा ह्यावर. लोखंडी दात्यांचा गिन सापळा १९५८ पासून बंद. २००४ च्या शिकार कायद्यानं कुत्री लावून रानटी सस्तन प्राणी मारणं बंद केलं, पण बिळात राहणाऱ्या सशाला त्यातून वगळलं, आपल्या जमिनीवर किंवा मालकाच्या परवानगीनं कुत्री लावून तो मारता येतो. आणि आपल्या रानातल्या सशाचा जो तिकडचा भाऊबंद, बीळ न करणारा, त्याच्यामागं दोन कुत्री सोडून कुठलं सरस ह्यावर पैजा लावायच्या त्या मात्र बंद. लँकेशायरमधल्या ग्रेट ऑल्टकारला वॉटर्लू कप नावाची ही शर्यत १८३६ पासून चालायची, २००५ ला संपली. वायरीच्या फासावर वेल्सनं २०२३ ला आणि स्कॉटलंडनं २०२४ ला पूर्ण बंदी आणली. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं ते लोक हेच भांडतायत की मारताना किती हाल झाले तर ते फार झाले. आपल्याकडे हे भांडण नाहीच. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, हो, रुपयेच, त्यामुळे त्याला कोण भितंय.

मग आपणच जरा बघू. फासकीपासून सुरू करतो, कारण ती सगळ्यात साधी दिसते. रक्त नाही, आवाज नाही, माणूस घरी झोपलेला. गळ्यात बरोबर बसली आणि ससा जोरात गेला तर लवकर मरतो. पण वायरीला काय कळतंय गळा कुठला! कमरेला बसते, पायाला बसते, आणि ससा जेवढी ओढ घेतो तेवढी ती आवळत जाते, कातडीत रुतते, आणि हे संध्याकाळी आठला झालं तर माणूस येणार सकाळी सहाला. मधले दहा तास त्या जनावराचे. कधी माणसाच्या आधी कोल्हा नाहीतर गावातली कुत्री पोचतात. आणि फासकी माणूस बघत नाही तसा प्राणीही बघत नाही. खोकड, रानमांजर, मुंगूस, जे त्या फटीतनं जाईल ते अडकणार. जाड वायरीचे, डुकराच्या मापाचे फास लावतात त्यात बिबट्या अडकल्याच्या बातम्या कोकणातून येतच असतात. तेव्हा "मी तर दुसऱ्यासाठी लावलीवती" हे कारण चालत नाही, बिबट्या अनुसूची १ मधे आहे, सरळ कमीत कमी ३ वर्षांचा मामला.

वाघूर म्हणजे जाळं, ओढ्याच्या नाहीतर बांधाच्या आडवं लावायचं, आणि बाकीच्यांनी पलीकडून हाकारा घालत यायचं. ह्यात माणसं लागतात, दिवस लागतो, आणि वाटे पडतात. अडकलेला ससा ओरडतो. ज्यानं तो आवाज ऐकलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल, लहान पोरासारखा असतो, एरवी आयुष्यभर मुका असलेला प्राणी. मग काठी. पण एक आहे, वाघरीत माणूस समोर असतो, हाल मिनिटात संपतात, आणि नको असलेला जीव सोडून देता येतो. सोडतात का हा भाग वेगळा.

कुत्र्यांचं सांगायला नको. कारवानी कुत्री ह्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली, लांब पाय, खोल छाती, बघून पळणारी. शिकारीतली सगळ्यात "मर्दानी" पद्धत म्हणून मिरवतात ही, सशाला पळायची संधी असते म्हणे. मला हे कधी पटलं नाही. दोन-तीन किलोचा जीव, मागं चार कुत्री आणि कुत्र्यांच्या मागं तीन बाईक, ह्यात संधी कसली? सुटला तरी धाप लागून पुढं झुडपात मरू शकतो, ते कोणी मोजत नाही.

आणि बॅटरी. पूर्वी खांद्याला लटकवायची असायची, आता चायनाचा हेडलाइट आणि जीपच्या टपावर एलईडी बार. अंधारात सशाचे डोळे चमकतात, झोत पडला की तो बसून राहतो, किंवा झोतातनंच पुढं पळत राहतो, बाजूला अंधारात उडी मारायचं त्याला सुचत नाही. माणूस निवांत जाऊन छर्रा घालतो. नेम बरोबर बसला तर एका क्षणात खेळ खलास, म्हणजे नुसते हाल मोजले तर बहुतेक हीच सगळ्यात सौम्य पद्धत! पण एका रात्रीत माळ झाडून नेणारीही हीच. फासकीवाल्याला महिन्यात दोन-चार मिळतील, जीपवाले एका रात्री तेवढे मारून परत येताना अजून थांबतात. पोटात दोन पिल्लं असलेली मादी आणि नर, झोतात दोन्ही सारखेच दिसतात.

खरी गुंतागुंत इथं आहे. एका सशाच्या बाजूनं बघितलं तर गोळी बरी आणि फासकी भयंकर. सगळ्या सशांच्या बाजूनं बघितलं तर नेमकं उलटं होऊ शकतं. जो म्हणतो आमची पद्धत चांगली, तो ह्या दोनपैकी आपल्याला सोयीचं माप हातात घेऊन बोलत असतो. मला विचाराल तर फासकी सगळ्यात वाईट, कारण ती लावून माणूस तिथं नसतो आणि काय अडकलं, किती वेळ तडफडलं ह्याचं त्याला काही बघावंच लागत नाही. जीपवाल्यांची मात्र चीड जास्त येते. त्यांच्यातल्या कोणाच्याच घरी चूल पेटायची अडलेली नसते.

फासकीचा विषय निघाला की पारध्यांचा निघणारच, नावच फासेपारधी. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा कितीतरी जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला आणि पुढं पारधीही त्यात आले. तो शिक्का कायद्यानं पुसला गेला १९५२ ला, लोकांच्या डोक्यातनं अजून नाही. मग १९७२ आणि १९९१ आलं आणि त्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा झाला, बदल्यात जमीन-नोकरी म्हणावी तशी काही मिळाली नाही. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा ह्यांनी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय की फाशात गाभण मादी किंवा पाडस आलं तर ते सोडून द्यायची रीत होती. म्हणजे पद्धतीचा विचार आपल्याकडे कोणी केलाच नाही असं नाही, ज्यांना आपण शिकारी म्हणून हिणवतो त्यांनी केलेला. आता त्यातलं किती उरलंय तो वेगळा प्रश्न, क्लचच्या वायरीला असली रीत नसते. आणि पकडलं जातं कोण, तर पायी जाणारा, हातात दोन ससे असलेला पारधी. जीप तोवर हायवेला लागलेली असते.

"आदिवासींना तर परवानगी असते ना" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नसते. २००६ चा वनहक्क कायदा वनउपज, चराई, जमीन असे बरेच हक्क देतो, पण पारंपरिक शिकारीचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत वगळलाय. वन्यजीव कायद्यात एक अपवाद आहे तो निकोबार बेटांवरच्या आदिवासींच्या शिकारीच्या हक्कांचा, इथल्या कोणाचा नाही. त्यामुळे आपल्याकडं शिमग्याच्या सुमारास काही गावांत सामूहिक शिकारीची जी प्रथा आहे, किंवा झारखंडात दलमाच्या डोंगरात सेंद्रा नावाची तशीच शिकार होते, तिथं दरवर्षी प्रथा आणि वन खातं समोरासमोर उभं राहतं. काही गावांनी देवाला हाकारा घालायचा, जंगलात फेरी मारायची आणि रिकाम्या हातानं परत यायचं असा मार्ग काढलाय. म्हाताऱ्यांना तो फारसा आवडत नाही, पण चालतोय.

शेतकऱ्याची बाजूही खोटी नाही. कोवळा हरभरा, भुईमुगाची रोपं ससा रात्रीत कुरतडून ठेवतो. कायदेशीर उपाय कंटाळवाणे आहेत: बारीक जाळी जमिनीत थोडी पुरून लावायची, कुंपणातल्या फटी बुजवायच्या. कुंपणात करंट मात्र चुकूनही सोडू नका. तो शिकारीचाही गुन्हा, वीजचोरीचाही, आणि पहाटे परसाकडं निघालेला शेजारी त्याला चिकटला तर सदोष मनुष्यवधापर्यंत जातो.

कधी फासात जिवंत ससा सापडलाच तर वायर ओढू नका, अजून आवळते. अंगावर टॉवेल किंवा पोतं टाका, अंधार झाला की तो धडपड कमी करतो, नुसत्या भीतीनंही मरतो हा प्राणी. आणि १९२६ ला फोन लावा, वन खात्याचा टोल फ्री नंबर आहे. वायर तशीच राहू द्या, पुरावा तोच असतो, फक्त फोटो काढून ठेवा.

अजून एक, हे बहुतेकांना माहीतच नसतं. ज्वारी काढताना, गवत कापताना सशाचं पिल्लू सापडतं, एकटं, मुठीत मावेल एवढं, आणि आई दिसत नाही म्हणून पोरं ते उचलून घरी आणतात, खोक्यात ठेवतात, गाईचं दूध पाजतात. ते अनाथ नसतं. आई मुद्दाम लांब राहते, पिल्लाचा ठावठिकाणा कोणाला कळू नये म्हणून, आणि दिवसातून एखाद्या वेळीच, अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. घरी आणलेलं पिल्लू बहुतेक दोन-चार दिवसांत मरतं. आणि व्याख्या आठवा, पकडणं म्हणजेही शिकार. पोरावर केस कोणी करणार नाही, पण खोकं उचला आणि संध्याकाळ व्हायच्या आत पिल्लू जिथून उचललं त्याच सरीत, त्याच गवतात नेऊन ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकून देते असं म्हणतात ते मनावर घेऊ नका, रात्री ती येते.